ओओचं किट एचओच्या लेआउटवर: छापील पुठ्ठ्याच्या इमारती जुळवून घेण्याचा क्रम

मॉडेल रेल्वेच्या इमारतीची पीडीएफ घेतली, ती ओओ मापातून एचओ मापात आणायला प्रिंटरला ८७.५ टक्के सांगितलं, कापलं, चिकटवलं आणि शेवटी छप्पर बसेना. एक भिंत अर्धा मिलिमीटर बाहेर, कोपऱ्यात पांढरी फट, फलाटाची कड डब्याला घासते. मग दोष कटरला, नाहीतर फेव्हिकॉलला. खरं कारण असं की प्रिंटर छपाई लहान करतो, पुठ्ठ्याची जाडी करत नाही. आणि हे कळेपर्यंत रंगीत प्रिंटचे पैसे गेलेले असतात, कारण पांढरा नमुना करून बघण्याआधीच रंगीत कागद कापलेला असतो.

घरी छापून करायची बरीच किटं ब्रिटिश आहेत, स्केलसीन्सची उदाहरणार्थ. ती ओओ (१:७६.२, म्हणजे खऱ्याच्या ७६.२ पट लहान) किंवा ब्रिटिश एन (१:१४८) मापाची असतात. भारतीय डबे आणि इंजिनं चालवणारे मात्र बहुतेक एचओमध्ये (१:८७). म्हणून इथे मुख्य उदाहरण ओओचं स्टेशन एचओमध्ये आणण्याचं घेतलं आहे. दुसरं माप असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच.

१. आधी जागा, मग किट

किटच्या तळाच्या तुकड्याची लांबी-रुंदी बघा, तिला ०.८७५ ने गुणा (हा आकडा कुठून आला ते दुसऱ्या टप्प्यात), त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापा आणि लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या टेबलावर, ठेवा. त्यावर दोन काड्यापेट्या उभ्या करा म्हणजे उंचीचाही अंदाज येतो. आता तुम्ही जिथे उभे राहून गाडी चालवता तिथून बघा. मागची भिंत दिसतच नसेल तर ती करू नका. इमारत भिंतीला टेकून असेल तर २५-३० मिमी खोलीची ‘लो रिलीफ’ पुरते: समोरची भिंत, बाजूच्या दोन आखूड भिंती आणि छपराच्या कण्यापर्यंतचा, म्हणजे वरच्या मधल्या कडेपर्यंतचा, अर्धा उतार.

इथे दोन गोष्टी ठरवून कागदावर लिहा: कोणत्या बाजू दिसणार, आणि इमारत लांब पडत असेल तर किती कमी करायची.

> सावधान: जागा कमी आहे म्हणून ८७.५ ऐवजी ८० टक्क्यांवर छापू नका. दार बुटकं होतं, विटा शेजारच्या इमारतीपेक्षा बारीक दिसतात आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. जागेसाठी खिडकी काढायची, टक्के नाही. कसं ते चौथ्या टप्प्यात.

२. टक्केवारी आणि प्रिंटर

सूत्र सोपं आहे. किटच्या मापाचा आकडा भागिले तुमच्या मापाचा आकडा, गुणिले १००. नेहमी लागणारे आकडे:

- ओओ ते एचओ: ८७.५
- ओओ ते टीटी (१:१२०): ६३.५
- ओओ ते ब्रिटिश एन (१:१४८): ५१.५
- ओओ ते एन (१:१६०): ४७.६
- ब्रिटिश एन ते एन (१:१६०): ९२.५

ओओ आणि एचओ दोन्हींचे रूळ १६.५ मिमीचेच. त्यामुळे ‘रूळ सारखे, मग इमारत चालेलच’ असा समज फार पसरलेला आहे. सात फुटी दार ओओमध्ये २८ मिमी असतं, एचओमध्ये साडेचोवीस. दारात एचओचा प्रवासी उभा केला, जो जेमतेम १९-२० मिमीचा, की दार राजवाड्याचं वाटतं. लेआउटच्या मागच्या कडेला थोडी लहान इमारत खपून जाते, मोठी कधीच नाही.

छापताना ‘फिट’ हा पर्याय बंद करा आणि ‘कस्टम स्केल’मध्ये आकडा भरा. एका कागदावर दोन पानं बसवण्याच्या पर्यायाला हात लावू नका, तो स्वतःची टक्केवारी स्वतःच ठरवतो. झेरॉक्सच्या दुकानातून काढणार असाल तर काउंटरवर उभे राहा. तिथला मुलगा सवयीने ‘फिट टू पेज’ दाबतो, आणि ९६-९७ टक्क्यांवर आलेलं पान नुसतं बघून ओळखू येत नाही. सोपा उपाय म्हणजे घरूनच ८७.५ टक्क्यांची नवीन पीडीएफ करून न्यायची आणि दुकानात फक्त ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणायचं.

✔ तपासा: पहिलं पान काळं-पांढरं काढा. किटवर मोजपट्टीची रेघ असते. मूळ १०० मिमीची रेघ आता ८७.५ भरली पाहिजे, आडवी आणि उभी दोन्हीकडे. काही प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने किंचित ताणतात. फरक दिसला तर सगळी पानं एकाच दिशेने लावून छापा.

३. पुठ्ठ्याची जाडी: खरी मेख

समजा ओओच्या इमारतीची खोली ८० मिमी आहे. बाजूच्या भिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतात आणि पुठ्ठा २ मिमीचा. म्हणजे बाजूची भिंत ७६ मिमी छापलेली असते: ८० वजा दोन्हीकडचे दोन-दोन. हे ८७.५ टक्क्यांवर नेलं की एकूण खोली ७० हवी आणि बाजूची भिंत ६६.५ छापली जाते. तुम्ही पुठ्ठा मात्र २ मिमीचाच वापरलात, तर ६६.५ अधिक ४, म्हणजे ७०.५. छप्पर, तळ, पन्हळ सगळे ७० साठी छापलेले. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण विटांचा छापा कोपऱ्यावर तेवढाच उघडा पडतो.

ब्रिटिश एनमध्ये तर फरक आणखी बोलतो. ५१.५ टक्क्यांवर खोली ४१.२ हवी, भिंत ३९.१ येते. २ मिमीचा पुठ्ठा लावला तर ४३.१. पण १ मिमीचा लावला तर ४१.१, म्हणजे जवळपास अचूक. ओओचं एन करणं सोपं पडतं ते यामुळे: जाडी निम्मी, काम झालं. त्रास एचओचा. तिथे १.७५ मिमी हवा, आणि तो बाजारात मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, १.५ मिमीच्या कप्पा बोर्डवर (कडक करडा पुठ्ठा) २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) कार्ड चिकटवायचं, ते साधारण पाव मिलिमीटर भरतं. दुसरा, २ मिमीच वापरायचा आणि आत बसणाऱ्या प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांकडून पाव-पाव मिलिमीटर कमी करायचा. मला पहिला बरा वाटतो. तिथे हिशेब एकदाच करावा लागतो. दुसऱ्या मार्गात खाचासुद्धा रुंद कराव्या लागतात, आणि एखादी हमखास विसरली जाते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला कप्पा बोर्ड, आयव्हरी कार्ड, माउंट बोर्ड सगळं मिळतं. पण ‘दोन एमएम’ म्हणून दिलेला पुठ्ठा दोनचाच असतो असं नाही. जाडी मोजायचा व्हर्निअर नसेल तर दहा छोटे तुकडे एकावर एक दाबून धरा, पट्टीने मोजा, दहाने भागा.

पुठ्ठ्याला रेषा असते, म्हणजे तंतूंची दिशा. हलकेच वाकवून बघा: एका बाजूने सहज वळतो, दुसरीकडून अडतो. उंच भिंतींना रेषा उभी ठेवा, लांब आणि बुटक्या भिंतींना आडवी. दोन थर चिकटवताना दोन्हींची रेषा एकाच दिशेला हवी.

> सावधान: जून ते सप्टेंबर कोकण-मुंबईत उघडा पडलेला पुठ्ठा ओल धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत, सपाट ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला पुठ्ठा बाक धरतोच, आणि तो बाक पुढे इमारतीत उतरतो.

४. कच्चा नमुना: इथेच सगळे बदल

काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरून, ठरवलेल्या जाडीच्या पुठ्ठ्यात, खिडक्या न कापता चार भिंती आणि छप्पर उभं करा. चिकटपट्टीने जोडलं तरी चालेल. एका संध्याकाळचं काम आहे. पण बहुतेक जण नेमका हाच टप्पा टाळतात.

*लांबी कमी करणं.* पाच खिडक्यांची इमारत चार खिडक्यांची करायची असेल तर एका खिडकीच्या मधल्या रेषेपासून शेजारच्या खिडकीच्या मधल्या रेषेपर्यंतचा तुकडा काढावा लागतो. मोकळ्या भिंतीत कापणं जास्त सोपं: दोन खिडक्यांमधल्या भिंतीत एक काप, पुढच्या दोन खिडक्यांमधल्या भिंतीत अगदी तशाच जागी दुसरा काप. ‘तशाच जागी’ म्हणजे विटांच्या नक्षीत तशाच जागी. वीट आणि सांधा मिळून साधारण २२५ मिमी, एचओमध्ये २.६. म्हणून काढलेल्या तुकड्याची रुंदी २.६ च्या पटीत यायला हवी, आणि पहिला काप जर आडव्या विटेच्या डाव्या सांध्यावर असेल तर दुसराही आडव्या विटेच्या डाव्याच सांध्यावर. पटीत येत नसेल तर काप लपवा. पावसाच्या पाण्याचा उभा पाइप भिंतीवर असतोच, तो नेमका त्या जोडावर आणा.

पुढच्या भिंतीतून जेवढं काढलं तेवढंच मागची भिंत, आतला थर, तळ, छपराचे दोन्ही उतार, कणा, पन्हळ आणि फलाटाकडची पडवी यांतूनही काढायचं. ही यादी लिहून प्रत्येकापुढे खूण करत जा. कणा आणि पन्हळ हे दोनच नेहमी राहून जातात.

*छप्पर.* ब्रिटिश स्टेशनला पाटीच्या दगडाचं छप्पर असतं आणि ते भिंतीबाहेर फारसं येत नाही. आपल्या पावसाच्या मुलखात मंगलोरी कौलं आणि दोनेक फूट पुढे आलेली वळचण. नुसता कौलांचा कागद चिकटवून भागत नाही, उतारच लांब करावा लागतो. समजा इमारतीची निम्मी खोली ३५ मिमी आणि उताराचा कोन ३० अंश. मूळ उतार ३५ भागिले ०.८६६, म्हणजे ४०.४ मिमी. वळचण ७ मिमी पुढे आणायची तर ४२ भागिले ०.८६६, म्हणजे ४८.५. त्रिकोणी भिंतींच्या बाजूलाही तीन-चार मिमी बाहेर काढा. कौलांच्या दोन रांगांमध्ये फूटभर अंतर असतं, एचओमध्ये साडेतीन मिमी. तुमच्याकडच्या कौलांच्या कागदाचं माप याच्या आसपास नसेल तर तो कागदच वेगळ्या टक्क्यांवर छापावा लागेल.

वळचण पुढे आली की ती खाली पण येते, सात मिमीला चार मिमी. दारं-खिडक्यांच्या वरच्या कडा तिच्याआड जातात का ते नमुन्यावर बघा. जात असतील तर भिंती तेवढ्या उंच करा.

*धुराडी* काढून टाका, आणि छपराच्या छापातली त्यांची भोकं कापूच नका. *दगड* बदलायचा असेल तर आत्ता ठरवा. देशावरच्या स्टेशनाला काळा दगड शोभतो, ब्रिटिश लाल वीट तिथे उपरी वाटते. मात्र घडीव दगडाचा कागद लावला की कोपऱ्याचे आणि कमानीचे दगड वेगळे कापून चिकटवावे लागतात, नाहीतर भिंत वॉलपेपर लावल्यासारखी दिसते.

*जोतं.* सगळ्या भिंती खालून ३ मिमी लांब ठेवा. हा वाढीव भाग पुढे जमिनीत जाणार आहे.

✔ तपासा: नमुना लेआउटवर ठेवा. शेजारी डबा आणि माणूस उभा करा. दार साडेचोवीसच्या आसपास आहे का? छप्पर सगळीकडून टेकतं का? आता सुधारलेली सगळी मापं त्याच काळ्या-पांढऱ्या पानांवर पेनाने लिहा. पुढचं काम या पानांवरून करायचं, स्क्रीनवरून नाही.

५. रंगीत प्रिंट आणि लेप

सगळी रंगीत पानं एका बैठकीत, एकाच जातीच्या कागदावर, एकाच प्रिंटरवर काढा. अर्ध्या भिंती आज आणि उरलेल्या पुढच्या आठवड्यात, असं केलं की लाल रंगाच्या दोन छटा समोर येतात. वाया जाणारा कागद धरून प्रत्येक विटांच्या पानाची एक प्रत जास्त काढा.

इंकजेटची शाई पाण्याने पसरते. म्हणून चिकटवण्याआधी पानावर मॅट पारदर्शक लाखेचा फवारा, दोन हलके हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. एकच जाड हात दिला तर कागद तेलकट दिसतो. लेझर प्रिंटला पाण्याचं भय नाही, पण घडीवर टोनरचे पापुद्रे सुटतात. तिथे घडीची रेघ आधी बोथट टोकाने दाबून घ्यायची आणि नंतर त्याच रंगाच्या पेन्सिलीने हात फिरवायचा.

६. थर चिकटवणं

कागद पुठ्ठ्यावर चिकटवायला ग्लू स्टिक किंवा स्प्रे, पुठ्ठा पुठ्ठ्याला जोडायला फेव्हिकॉल. उलट केलं की गडबड. मोठ्या पानाला फेव्हिकॉल फासला तर कागद पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. तरीही एका बाजूला कागद लावला की थोडा बाक येणारच. मागच्या बाजूलाही साधा कागद चिकटवा, ओढ सारखी होते. मग जाड पुस्तकांखाली रात्रभर.

७. कापणं

आधी खिडक्या, मग बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर खिडक्या कापताना धरायला जागा उरत नाही आणि अरुंद पट्ट्या वाकतात.

स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, नवं पातं. पहिला हात नुसती छपाई चिरण्यापुरता, बाकीचे हळूहळू खोल. १.७५ मिमीला पाच-सहा हात लागतात, आणि ते लागू द्यावेत. खिडकीच्या कोपऱ्यात पातं उभं टोचून कोपऱ्यापासून मध्याकडे ओढा. मध्यापासून कोपऱ्याकडे गेलात की पातं कोपऱ्याच्या पुढे निसटतं आणि विटेवर चीर पडते. पातं पुठ्ठा कापायच्या ऐवजी खेचायला लागलं, कडेला लव दिसली, की तोडून पुढचं टोक घ्या. पात्याचं टोक वाचवून भिंत घालवण्यात अर्थ नाही.

ज्या किटमध्ये वरचा कागद खिडकीच्या आत वळवायचा असतो, तिथे तो तिरक्या फुलीने चिरून चार पाकळ्या आत दुमडायच्या. एचओमध्ये पाकळी लहान झालेली असते, जाडी मात्र तेवढी नाही. पाकळी मागपर्यंत पोचते ना, हे पहिल्या खिडकीवर बघून मगच पुढे जा.

उघड्या कडा जोडणीच्या आधी रंगवा, वॉटर कलर पेन्सिलीने किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने. स्पिरिटचा मार्कर नको, तो कडेतून छापील बाजूला झिरपतो.

८. जोडणी

क्रम असा: तळ, मागची भिंत, एक बाजू, आतली आडभिंत, दुसरी बाजू, सर्वांत शेवटी पुढची भिंत. प्रत्येक कोपऱ्यात कंपासपेटीतला गुण्या लावून फेव्हिकॉल धरेपर्यंत थांबा. किटमध्ये आडभिंत नसेल तर कच्च्या नमुन्यातल्या पुठ्ठ्यातून दोन कापून घाला. दमट हवेत लांब भिंत सरळ राहते ती आडभिंतीमुळे.

खिडक्यांना काचेऐवजी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) लावा, तीही छप्पर बसण्याआधी. त्यावर सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने शीट धुरकट होते. दिवे लावणार असाल तर भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर रात्री खिडक्यांसोबत भिंतीही उजळतात.

छप्पर चिकटवायचं नाही. खालून दोन पट्ट्या लावून नुसतं बसवायचं.

९. फलाट

इमारत नीट झाली आणि फलाट फसला, असं बऱ्याच लेआउटवर दिसतं. ब्रिटिश फलाट रुळाच्या माथ्यापासून ९१५ मिमी उंच. ओओमध्ये ते १२ मिमी, ८७.५ टक्क्यांवर साडेदहा. भारतीय ब्रॉडगेजचा उंच फलाट ७६० ते ८४० मिमी, म्हणजे एचओमध्ये ८.७ ते ९.७. किटमधला फलाट तसाच केला तर जवळजवळ मिलिमीटरभर उंच होतो आणि डब्याच्या दाराशी विचित्र दिसतो. एक पातळ थर काढून टाका.

उंची मोजायची ती रुळाच्या माथ्यापासून, लाकडी बोर्डपासून नव्हे. समजा रुळाखालचं कॉर्क आणि रूळ मिळून बोर्डपासून रुळाचा माथा ८ मिमीवर आहे, तर फलाटाच्या थरांचा ढीग सतरा मिमीचा हवा.

फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून किती लांब? प्रत्यक्षात ब्रॉडगेजला १६७० ते १६८० मिमी, एचओमध्ये १९.२ ते १९.३. हे सरळ रुळाला ठीक. वळणावर लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. नव्या धाटणीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, एचओमध्ये २७० मिमी, जुन्या धाटणीचा आयसीएफ २४५. तुमच्याकडचा सगळ्यांत लांब डबा घ्या, त्याच्या कुशीला मध्यावर आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीचं शिसं चिकटपट्टीने लावा, फलाटाच्या जागी कागद अंथरा आणि डबा हाताने ढकलत न्या. कागदावर उमटलेल्या सर्वांत बाहेरच्या रेघेपासून दोन मिमी सोडून फलाटाची कड आखा.

१०. जमिनीत बसवणं

इमारत टेबलावर ठेवलेल्या खोक्यासारखी दिसते, कारण तिच्या तळाशी सावलीची बारीक फट राहते. जोत्यासाठी वाढवलेले ३ मिमी आता कामाला येतात. इमारतीभोवती पेन्सिल फिरवा आणि आतला फोम किंवा थर्माकोल तेवढा खोल कापा. खड्ड्यात आतल्या मापाची पुठ्ठ्याची चौकट चिकटवा आणि इमारत तिच्यावर टोपीसारखी बसवा. कडेची उरलेली फट बारीक चाळलेल्या वाळलेल्या मातीने भरा, डिंक न लावता. एलईडी गेला किंवा पावसाळ्यात भिंत फुगली तर माती ब्रशने झटकून इमारत उचलता येते.

नावाची पाटी किटमधली घेऊ नका. पिवळ्यावर काळी अक्षरं, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची: ही वेगळी छापून ३०० जीएसएमच्या कार्डावर लावा. तिला टक्केवारी लावायची गरज नाही, ती थेट एचओच्याच मापात आखा.